झोपलेल्या पायांत मोजे

१४ जुलै

प्रिय बाईसाहेब,

सविनय कळवण्यात येते की आपल्या चिरंजीवांचा डाव्या पायाचा मोजा आज सकाळपासून बेपत्ता आहे. उजवा हजर आहे, त्याची प्रकृती ठीक आहे, परंतु त्याच्याकडून कसलीही माहिती मिळत नाही. शोधपथकात मी आणि टिकली होतो. चिरंजीव गोटू, वय वर्षे सहा, पलंगावर मांडी घालून बसले होते आणि जणू दुसऱ्याच कोणाचा मोजा हरवला आहे अशा अलिप्तपणे आमच्या चुका दाखवत होते. शेवटी एक पांढरा आणि एक निळा अशी तडजोड झाली. त्यावर आपल्या कन्येने, म्हणजे टिकलीने, नऊ वर्षांच्या वयाला न शोभेल इतक्या गांभीर्याने, आपण या मुलाला ओळखत नसल्याचं जाहीर केलं आणि रस्ताभर दहा पावलं पुढे चालली.

अर्थात उशीर झाला. शाळेच्या शिपायाने छोटं दार उघडलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं न्यायाधीश जुन्या गुन्हेगाराकडे पाहतो. रागही नाही, आश्चर्यही नाही.

या सगळ्याचं मूळ मी शोधून काढलं आहे. स्वयंपाकघरातलं घड्याळ मी बरोबर केलं. तू पुलाच्या कामावर गेलीस त्याच आठवड्यात. ते वर्षानुवर्षं पुढे होतं, ते पुढे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी सगळे त्याला भीत. दिवसभर शब्दकोशाच्या कार्यालयात बसून शब्दांचे खरे अर्थ तपासणाऱ्या माणसाने घरी येऊन खोट्या घड्याळाखाली जेवायचं, हे मला पटेना. सत्याचा जय झाला. तेव्हापासून आम्ही रोज उशिरा पोचतो आहोत.

रविवारचा फोन मुलांच्या मालकीचा, आणि तुझ्या नदीकाठी तेवढाच एक तास आवाज धड येतो, म्हणून हे पत्र. वर्षातलं निम्मं संपलं. डिसेंबरात तू आलीस की घड्याळाचा निकाल लावू.

आपला आज्ञाधारक,
उजव्या मोज्याचा पालक


२३ जुलै

अहो पंडित,

पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्यांना वाटलं घास अडकला.

घड्याळ बरोबर केलंत? कोणी सांगितलं होतं? अहो, ते नक्की किती पुढे आहे हे मी कधी कोणाला कळू दिलं नव्हतं. अधूनमधून गुपचूप काटा हलवायचे. तुम्ही तिघं मनातल्या मनात वजाबाकी करायचात आणि दर वेळी चुकायचात, म्हणून शाळेत वेळेवर पोचायचात. आता परत पुढे करून उपयोग नाही. टिकलीने एकदा मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं की संपलं.

मोज्यांचं मात्र सांगते. मूल उठायच्या आधीच, झोपेतच, पायांत मोजे चढवायचे. पाय आधी उबदार झाले की उरलेलं मूल कुरकुर न करता त्यांच्या मागून येतं. तळव्याला बोट लागू द्यायचं नाही, नाहीतर लाथ बसते. टाचेकडून धरायचं. करून बघा.

इथे तिसऱ्या खांबाचा पाया भरून झाला. नदी आता जरा समजुतीने घेते आहे. एक बातमी: साहेबांनी बोलावून विचारलं, दुसऱ्या टप्प्यालाही राहाल का. म्हणजे आणखी दीड वर्ष. खांब आपण उभे करायचे आणि वरचा रस्ता दुसऱ्याने टाकायचा, हे जिवावर येतं, खोटं कशाला बोलू. पण मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. सप्टेंबरअखेर सांगायचंय. घरची सकाळ एकदा मार्गी लागली की विचार करता येईल. तोवर काय बोलायचं.

दोघांच्या डब्यात रोज पावच देत नाही ना?

तुमची


२ ऑगस्ट

प्रिय बाईसाहेब,

मोज्यांचा प्रयोग यशस्वी झाला. टाचेकडून धरलं, मोजे चढले, आणि थोड्या वेळाने गोटू खरोखरच आपल्या पायांमागून चालत स्वयंपाकघरात आला. मी थक्क झालो. आणि मग, दूध गाळता गाळता, विचारात पडलो.

तू मला चौदा वर्षं ओळखतेस. विचारात पडलेला मी काही चांगला नव्हे, हे तू जाणतेसच.

आपल्या घरात तू असताना हा प्रयोग कधीही झालेला नाही. तू गोटूला हाका मारून उठवायचीस. चौथ्या हाकेला पांघरूण जायचं, पाचव्या हाकेला शेजारी उठायचे. मोजे तो दारात बसून, तुझी बोलणी खात घालायचा. मग टाचेकडून धरावं हे ज्ञान आलं कुठून? प्रत्यक्ष अनुभवाशिवाय असं ज्ञान होत नाही, आणि ती लाथ तर निर्विवादपणे स्वतः खाल्लेली आहे. मोजा आहे तिथे पाय आहे. पाय आहे तिथे मूल आहे. आणि मूल आहे तिथे, बहुधा, त्याचा बाप आहे. पुलाचे खांब पाण्यात उभे असतात हे मला मान्य, पण त्यांना कोणी मोजे घालत असल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा सवड मिळाल्यास कळवावे: पाय कोणाचे?

दुसऱ्या टप्प्याचं वाचलं. निर्णय सर्वस्वी तुझा. मी मध्ये पडणार नाही. फक्त वस्तुस्थिती म्हणून नोंदवतो की इथली सकाळ मार्गी वगैरे लागलेली नाही. मोजे सोडले तर सर्वत्र अंदाधुंदी आहे. काल दुधाचं पातेलं गणिताच्या वहीवर लवंडलं. आज गोटू दप्तराऐवजी उशी पाठीला लावून निघाला होता, जिन्यात लक्षात आलं. पण तू काळजी करू नकोस.

तुझा,
तर्काने पीडित


११ ऑगस्ट

अहो पंडित,

तुमच्या तर्कशास्त्रापुढे हात टेकले. इतकं डोकं घड्याळाला हात लावताना चालवलं असतंत तर?

हो, आहे एक मूल. शेजारच्या खोलीतली मुलगी, सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. तिचा बाप आमच्याकडे क्रेन चालवतो. आई दोन वर्षांपूर्वी गेली. ऊन चढायच्या आत काँक्रीट ओतावं लागतं, म्हणून तो अंधारातच केबिनमध्ये चढून बसतो आणि ही एकटी उठायची, एकटी आवरायची, दार ओढून बसच्या थांब्यावर जायची. एक दिवस फ्रॉक उलटा घालून चाललेली दिसली. शिवण बाहेर, गुंड्या आत. मी तिला परत आत नेलं. तेव्हापासून रोज जाते. एवढंच.

लपवलं नव्हतं. सांगितलं नव्हतं. यात फरक आहे, तुम्हाला तरी कळायला हवा.

आणि खरं सांगू का, पहिला महिना मी पहाटे उठायचे आणि पलंगाच्या कडेवर नुसती बसून राहायचे. हातांना सवय असते हो. कोणाचा तरी भांग, कोणाच्या तरी बुटाची नाडी. इथे नुसतं हेल्मेट घातलं की आवरलं. तिला आवरून देते तेव्हा दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो. आपली मुलं झोपेत किती चिडकी होती, आणि ही उठल्यावर चक्क हसते. बाप अबोल आहे, पण भला माणूस. तिची बस वळणावर दिसली की वरून, केबिनमधून, हात हलवतो. तिला दिसत नाही. तरी हलवतो.

आता माझा प्रश्न. रविवारी टिकली मला म्हणाली, "बाबांची वेणी संध्याकाळपर्यंत सुटत नाही. तुझी दुपारीच सुटायची." असं कोणी आईला तोंडावर सांगतं? इतकी वर्षं मी त्या केसांशी झगडले. रडारड, रुसवेफुगवे, कंगव्याचे तुटलेले दात, सगळं माझ्या वाट्याला. आणि न सुटणारी वेणी तुमच्या नावावर. कोणाकडून शिकलात? कोणी येतं का घालून द्यायला? खरं काय ते सांगा.

तुमची


२० ऑगस्ट

महोदया,

आपल्या पत्रातील प्रश्नांची उत्तरे क्रमाने देतो.

वेणी: कोणी येत नाही. खाली दुकान आहे त्या शिंपीकाकांनी शिकवली. कापडाच्या तीन पट्ट्या मशीनच्या पायाला बांधून त्यांनी मला स्टुलावर बसवलं. गिऱ्हाइकं येत होती, मापं देत होती, माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होती. काका म्हणाले, घट्ट ओढू नका, नुसती सैल सोडू नका. संसाराला लागू पडावं असं हे वाक्य त्यांनी वेणीवर वाया घालवलं. तुझी वेणी सुटायची कारण तू घाईत असायचीस. मी घाईत नसतो. आम्हाला उशीर का होतो, हेही त्यावरून कळावं.

क्रेनचालक: गृहस्थ अबोल आहेत, भले आहेत, उंचावर बसतात आणि हात हलवतात, हे वाचून आनंद झाला. मी बडबड्या आहे, जमिनीवर बसतो, आणि माझे दोन्ही हात सकाळी कामात असतात. त्यांच्या कन्येने हसत उठावं हे तर फारच उत्तम. आमच्याकडची चिडकी मुलं मी यापुढे झोपेतच हसायला शिकवेन.

कार्यालयात आम्ही सध्या 'म' या अक्षरात आहोत. या आठवड्यात 'मत्सर' माझ्या वाट्याला आला होता. मी तो सहकाऱ्याकडे सरकवला. म्हटलं, मला या विषयाची माहिती नाही. तो चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला.

घर: काल फाटक बंद झालं. आम्ही तिघं बाहेर उभे. शिपाई आतून, आम्ही बाहेरून, गजांतून एकमेकांकडे बघत होतो. टिकलीच्या डोळ्यांत पाणी होतं. गोटूने मला विचारलं, आई असती तर? अशा परिस्थितीत कोणी दीड वर्षाचा विचार कसा करू शकेल, हे मी विचारत नाही. मध्ये पडायचं नाही असं मी म्हटलेलंच आहे.

कळावे.


१४ सप्टेंबर

अहो,

तुमचं पत्र आल्यापासून उत्तर लिहिलं नाही, कारण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. फाटकाबाहेर उभी असलेली टिकली डोळ्यांपुढून हलेना. दर रविवारी विचारायचं ठरवायचे आणि मागे तुमचा आवाज आला की गप्प बसायचे. म्हटलं, पोरांना तुमच्यादेखत कशाला रडवा. साहेबांना सरळ सांगून टाकावं की जमणार नाही, एवढ्यावर आले होते.

आणि परवा फोन केला तेव्हा तुम्ही खाली पाव आणायला गेला होतात. फोन गोटूने उचलला. मी विचारलं, फाटक बंद झालं तेव्हा फार रडलात का रे? तो म्हणाला, कुठलं फाटक?

मग टिकलीने फोन घेतला. आई, आम्ही तर सगळ्यात आधी पोचतो. शिपाईकाका कुलूप काढत असतात तेव्हाच आम्ही उभे. केव्हापासून? गोष्ट सुरू झाली तेव्हापासून. कुठली गोष्ट? मग सगळं बाहेर आलं. गोष्ट दारातून निघाल्यावर सुरू होते आणि शाळेच्या वळणावर थांबते. उशीर झाला तर पळावं लागतं, आणि पळताना गोष्ट सांगता येत नाही, असा बाबांचा नियम. म्हणून गोटू स्वतः उठतो. म्हणून टिकली तुमच्या चपला दाराशी आणून ठेवते. दुधाचं पातेलं? लवंडलंच नाही. उशी? टिकली इतकी हसली की तिला ठसका लागला.

गोष्टीत एक बाई आहे. जिला पूल नकोच आहे अशा एका नदीवर ती पूल बांधते. आणि एक लांब मानेचा राक्षस आहे. तो अंधारात उठतो आणि तिने रचलेले दगड उचलून भलत्याच काठावर नेऊन ठेवतो. गेल्या आठवड्यात त्याची मान चिखलात रुतली. टिकली म्हणाली, "बाबांना तो मुळीच आवडत नाही. पण गोटूला आवडतो, म्हणून मरत नाहीये."

मी हसले. क्रेनचा राक्षस केलात. बिचारा तो माणूस, त्याला पत्ताही नाही की कुठल्या तरी गावात दोन मुलं रोज सकाळी त्याला चिखलात बुडवतात.

मग मी गोटूला म्हटलं, मलाही सांग की पुढचं. तो म्हणाला, "आई, तुला मागचं माहीत नाही. तुला कळणार नाही." अगदी साधेपणाने म्हणाला. समजूत घातल्यासारखा.

तुम्ही क्रेनवाल्यावर जळता. मी त्या गोष्टीवर जळते आहे. इतकी वर्षं मी काटे फिरवले, घसा फोडला, पोरांना दारापर्यंत ढकलत नेलं. मी म्हणजे घरातली घाई. आणि मी नसताना त्यांच्या सकाळीत गोष्ट आली. तुम्हाला ही गोष्ट आधी का सुचली नाही, मी होते तेव्हा? मीही आले असते की वळणापर्यंत.

आणि मग ही खोटी पत्रं कशाला? तिकडे सगळं सुरळीत, आणि इकडे मी पाण्यात पाय सोडून टिकलीसाठी रडते. मला याचा राग आला आहे, अजून गेलेला नाही.

साहेबांना तीस तारखेच्या आत सांगायचं आहे. तुम्ही दोनदा लिहिलंत, मध्ये पडणार नाही. पडा. एकदा तरी पडा मध्ये. तर्क नकोत, महोदया नको, राक्षस नको. काय वाटतं ते सरळ लिहा, मग मी काय करायचं ते ठरवीन.

तुमची


२१ सप्टेंबर

प्रिय,

तुझं पत्र आज मिळालं. तीसच्या आत पोचावं म्हणून आजच उत्तर लिहितो आहे. सरळ लिहायचा सराव नाही, तेव्हा सांभाळून घे.

तुला रडवलं, ते चुकलं. फाटक बंद झालं नव्हतं. टिकली रडली नव्हती. "आई असती तर?" हे मात्र गोटूने खरंच विचारलं होतं, पण वेगळ्या कारणाने. पुलाच्या गोष्टीतल्या बाईला भूक लागली तर ती काय खाते, यावर आमचा वाद चालला होता आणि आई असती तर तिला विचारता आलं असतं, असं त्याचं म्हणणं होतं.

आता खरी सकाळ सांगतो. गोटूच्या पायांत मी मोजे चढवतो, तू शिकवलंस तसे. मागच्या आठवड्यापासून तेही लागत नाही. मी जातो तेव्हा तो मोजे घालून, पांघरुणात, डोळे मिटून पडलेला असतो. मला वाईट वाटू नये म्हणून झोपल्याचं सोंग करतो, असा माझा संशय आहे. टिकली पावाला लोणी लावते, दोन्ही डबे भरते आणि मला विचारते, किल्ली घेतली का. वेणी तेवढी अजून माझ्याकडे आहे. पण परवा ती आरशासमोर स्वतः तीन पेड घालून बघत होती. मला पाहून तिने हात खाली घेतले.

तू लिहिलं होतंस, घरची सकाळ मार्गी लागली की विचार करता येईल. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आणि नेमकी त्याच सुमाराला सकाळ मार्गी लागायला लागली. ती थांबवणं माझ्या हातात नव्हतं, मुलंच ऐकेनात. मग निदान पत्रांत तरी ती मार्गी लागू नये, असा मी प्रयत्न केला.

क्रेनवाल्यावर जळलो, हे खरं. आता नाही. परवा मी राक्षसाची मान चिखलातून काढली आणि त्याला एक मुलगी दिली. टिकलीने विचारलं, तिचे दात का पडलेत. म्हटलं, पडतात त्या वयात. तू तिच्याकडे रोज जा. मी मुलांना शाळेत सोडून परत येतो तेव्हा घर असं असतं की नाड्या बांधायला कोणीच नाही. कार्यालयाला अजून वेळ असतो. मी स्वयंपाकघरात बसतो. पहाटे पलंगाच्या कडेवर नुसती बसून राहायचे, असं तू लिहिलं होतंस, ते मला तिथे बसल्यावर कळलं. तुला निदान ती मुलगी मिळाली, याचं आता बरं वाटतं. थोडं बरं वाटतं. सरळ लिहायचं म्हणालीस म्हणून 'थोडं'.

दुसऱ्या टप्प्याला हो म्हण किंवा नको म्हण. तुझे खांब आहेत, वरचा रस्ताही तुझा असावा असं तुला वाटणं मला समजतं. रागाने किंवा आमची दया येऊन ठरवू नकोस. मुलांचं छान चाललं आहे, हे तुला माहीत असायला हवं होतं, आणि ते मी लपवलं. आता तुला माहीत आहे.

मी मध्ये पडावं असं तुला हवं होतं, म्हणून पडतो. मुलांना आता उशीर होत नाही. तुझ्यावाचून आमचं चालतं आहे. आमच्यावाचून तुझंही चालतं आहे, तुझ्या पत्रांवरून दिसतंच. इतकी वर्षं आपण एकमेकांना लागत होतो, म्हणून बाकी काही विचारावं लागलं नाही. एकमेकांची गरज लागेनाशी झाल्यावरही माणूस घरी परत येतो का, हे मला माहीत नाही. मला त्याचीच भीती वाटते.

तुझा